स्थलांतराला मदत: मदत कधी, सक्ती कधी?

माथेरानच्या पश्चिमेला, डोंगर उतरला की पनवेल लागते. तिथे बेने इस्रायली या ज्यू समाजाचे बेथ एल सिनेगॉग आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ही त्यांची रायगडातली ओळख. 1948 नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. प्रवासाची सोय ज्यू एजन्सी या संस्थेने केली. इथे त्यांचा छळ झाला नव्हता. ती गेली स्वेच्छेने. तिथे भेदभाव वाट्याला आल्यावर काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि 1952 मध्ये ती भारतात परतली. परतीचे दार उघडे होते.

गाझातील पॅलेस्टिनींना ‘मदत देऊन’ बाहेर पाठवण्याची कल्पना स्वेच्छा आणि परतीचे उघडे दार या कसोटीवर तपासावी. ती नवी नाही. 1969 मध्ये गाझातील साठ हजार लोकांना पॅराग्वेला पाठवण्याचा विचार इस्रायली मंत्रिमंडळाने केला होता. प्रत्यक्षात फारच थोडे गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी गाझा रिकामी करण्याचा प्रस्ताव मांडला. इजिप्त आणि जॉर्डनने तो नाकारला.

चौथ्या जिनिव्हा कराराचे 49 वे कलम व्याप्त प्रदेशातील लोकांच्या सक्तीच्या स्थलांतराला मनाई करते. घर, पाणी, दवाखाना उद्ध्वस्त झाल्यावर दिलेली संमती मोकळी म्हणता येत नाही. मदत खरी की नाही, हे तिकिटाच्या पैशांवर नव्हे, राहण्याच्या आणि परतण्याच्या हक्कावर ठरते.