पडद्यावरचा गुलाल कागदावर का बदलतो?

जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. सासनकाठ्या, भाविकांचे चेहरे, मंदिराचा काळा दगड असे सारे त्या एका रंगात बुडालेले असते. मात्र यात्रेत टिपलेले एकच छायाचित्र कॅमेऱ्याच्या मागील छोट्या पडद्यावर एका छटेचे, लॅपटॉपवर दुसऱ्या, मोबाइलवर तिसऱ्या आणि लॅबमधून छापून आल्यावर चौथ्याच छटेचे दिसते. दोष बहुतेक वेळा लॅबच्या पदरात टाकला जातो, क्वचित कॅमेऱ्याच्या. ज्या पडद्यासमोर बसून छायाचित्राचे रंग ठरवले गेले, त्याची चौकशी सहसा होत नाही.

हौशी छायाचित्रकारासाठी हा फार तर हळहळीचा विषय आहे. लग्नसराईत मात्र तो थेट पैशाचा होतो. वधूचा शालू, अंगावरची हळद, मुंडावळ्या आणि नातेवाइकांच्या त्वचेचा वर्ण यांत फरक पडला, तर ज्या घरात हा अल्बम वर्षानुवर्षे पाहिला जाणार असतो तिथली माणसे तो नाकारतात. करिझ्मा अल्बम पुन्हा छापून देण्याचा भुर्दंड मग छोट्या स्टुडिओलाच सोसावा लागतो. कॅमेरा आणि लेन्स यांवर लाखभर रुपये खर्च करणारा व्यावसायिक संपादनासाठी मात्र घरातला, मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप वापरतो, हे चित्र अपवादात्मक नाही.

संगणकात छायाचित्र रंगांच्या रूपात साठवलेले नसते. असतात ते केवळ आकडे. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण सांगणारे ० ते २५५ या मर्यादेतील तीन आकडे फाइलमध्ये नोंदवलेले असतात. त्यांतून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा तयार होऊ शकतात. पण 'लाल २५५' म्हणजे नेमका कोणता लाल, हे आकडा सांगत नाही. ते त्या पडद्याच्या बांधणीवर अवलंबून असते. एका पडद्याचा लाल गडद कुंकवासारखा, तर दुसऱ्याचा नारिंगीकडे झुकलेला. म्हणूनच एकाच फाइलचे दोन पडद्यांवर दोन अवतार दिसतात.

या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कलर कन्सॉर्शियम स्थापन झाले आणि यंत्रांच्या रंगस्वभावाची नोंद करणारी 'आयसीसी प्रोफाइल' ही पद्धत रूढ झाली. १९९६ मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी 'एसआरजीबी' हे रंगांचे सामायिक माप मांडले. १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आजही बहुतेक लॅब आणि इंटरनेटवरील छायाचित्रे याच मापावर चालतात.

पडदा चुकतो, चित्र उलट चुकते

पडद्याच्या दोषाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. पडदा ज्या बाजूला झुकलेला असतो, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला छायाचित्र बिघडते. याचे कारण पडद्यात नसून संपादकाच्या डोळ्यांत असते, कारण तो जे दिसते ते दुरुस्त करत असतो.

प्रकाशमानतेचेच पाहा. 'प्रिंट काळपट आली' ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ ठेवल्यास तो साधारण २५० ते ३०० निट्स, म्हणजे प्रति चौरस मीटर तितके कँडेला, प्रकाश फेकतो. छपाईसाठी संपादन करताना हेच प्रमाण ८० ते १२० च्या दरम्यान असावे, असा संकेत आहे. दुपटीहून अधिक उजळलेल्या पडद्यावर प्रत्येक छायाचित्र लख्ख दिसते. संपादक ते खाली आणतो, सावल्या गडद करतो आणि समाधानाने फाइल लॅबला धाडतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही, तो खोलीतला उजेड परत फेकतो. त्यामुळे तेच छायाचित्र कागदावर काळवंडते.

रंगछटेबाबतही हेच घडते. अनेक स्वस्त लॅपटॉपचा पांढरा रंग निळसर असतो. त्यावर चेहरे निस्तेज भासतात, म्हणून संपादक थोडा पिवळा, थोडा तांबडा रंग चढवतो. अल्बम हाती येतो तेव्हा सगळी वरात हळदीला बसल्यासारखी दिसते! गुलालाची कथा आणखी वेगळी. साध्या पडद्याला लाल रंगच फिका दाखवता येतो, म्हणून यात्रेचे छायाचित्र निर्जीव वाटते आणि रंगांचा गडदपणा वाढवला जातो. लाल रंगाचा आकडा २५५ वर जाऊन थडकतो. त्याच्या पुढे जागा नसल्याने गुलालाच्या उधळणीतले कण, हवेतील धूळ, कपड्यांच्या चुण्या हे सारे एका सपाट गुलाबी डागात विरून जाते. एकदा गेलेला हा तपशील त्या जेपीईजी फाइलमधून परत मिळत नाही. मूळ रॉ फाइल जपून ठेवली असेल तरच तो वाचतो.

डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, याचे कारण डोळे फार लवकर जुळवून घेतात. पिवळ्या बल्बखाली कागद काही क्षणांत पांढरा वाटू लागतो. निळसर पडद्यासमोर तासभर बसले की तोही पांढराच भासतो. गुळाचा भाव ज्या शहरात रव्याच्या रंगावर ठरतो, त्या शहराला हे वेगळे सांगायला नको.

कोल्हापूरला रंगाच्या अशा फसगतीचा एक जुना दाखलाही आहे. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट प्रदर्शित केला. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने त्याच नावाचा बोलपट व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली रंगीत करण्याचे धाडस केले. १९३३ च्या या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीतून करून आणण्यात आल्या, पण त्यांतील रंग मनाजोगे उतरले नाहीत. त्या काळी रंग कसा आला हे कळण्यासाठी समुद्रापार तयार झालेली प्रत हाती पडावी लागे. आज छपाईआधी रंग पाहण्याची सोय टेबलावरच आहे. ती विश्वासार्ह असावी, एवढाच प्रश्न उरतो.

आधी पासंग काढा

तराजूत काही घालण्यापूर्वी पासंग काढावा लागतो. कॅलिब्रेशन म्हणजे पडद्याचा पासंग काढणे. प्रकाशमानता, पांढऱ्या रंगाची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण या तीन गोष्टी ठरावीक मापावर आणल्या जातात. इतके करूनही जो फरक उरतो, त्याची नोंद आयसीसी प्रोफाइलमध्ये होते. फोटोशॉप किंवा लाइटरूमसारखे सॉफ्टवेअर ही नोंद वाचून आकड्यांत आवश्यक तो बदल करते आणि मगच रंग पडद्यावर दाखवते. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल या दोन भिन्न पायऱ्या आहेत. बोलताना मात्र दोहोंना मिळून कॅलिब्रेशनच म्हटले जाते.

या कामाची सुरुवात यंत्र विकत घेण्यापासून होत नाही, तर बटणे बंद करण्यापासून होते. आजचे लॅपटॉप वापरणाऱ्याच्या सोयीसाठी पडद्यात परस्पर बदल करत असतात. रात्री पडदा पिवळसर करणारी 'नाइट लाइट', खोलीतल्या उजेडानुसार प्रकाश कमी-जास्त करणारी सोय, मॅकबुकमधील 'ट्रू टोन', बॅटरी वाचवण्यासाठी ग्राफिक्स चिपने हळूच बदललेला कॉन्ट्रास्ट आणि एचडीआर हे सर्व संपादनापूर्वी बंद करणे आवश्यक आहे. शक्यतो लॅपटॉप चार्जरला जोडूनच काम करावे. ही स्वयंचलित सोय चालू राहिली, तर सकाळी केलेले कॅलिब्रेशन संध्याकाळी निरर्थक ठरते.

त्यानंतर खोली. खिडकीतले ऊन पडद्यावर किंवा डोळ्यांवर येऊ नये. भिंत गडद हिरवी वा केशरी असेल, तर तिचा रंग उजेडातून पडद्यावर आणि नजरेत उतरतो. करडी किंवा फिकट पांढरी भिंत उत्तम. संपादनाच्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमीही करडीच ठेवावी. तयार प्रिंट पाहण्यासाठी छपाई व्यवसायाच्या आयएसओ ३६६४ या मानकात सुमारे ५००० केल्विनचा उजेड सांगितला आहे. तो काटेकोरपणे मिळवणे प्रत्येकाला शक्य नाही. पण रंग योग्य दाखवणारा, म्हणजे ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय असलेला एलईडी दिवा मिळू शकतो.

मापनासाठी कलरीमीटर नावाचे छोटे उपकरण वापरतात. डेटाकलर कंपनीचे 'स्पायडर' आणि कॅलिब्राइट कंपनीची उपकरणे प्रचलित आहेत. पडदा किमान अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा, मग हे उपकरण त्यावर टेकवायचे. सॉफ्टवेअर एकामागून एक ठरलेल्या रंगांचे चौकोन दाखवते, उपकरण प्रत्यक्ष दिसलेला रंग मोजते आणि काही मिनिटांत प्रोफाइल तयार होते. लक्ष्य म्हणून ६५०० केल्विनचा पांढरा, २.२ गॅमा आणि १०० ते १२० कँडेला हे आकडे बहुतेकांना पुरेसे ठरतात. केल्विनचा आकडा वाढला की पांढरा निळसर होतो, कमी झाला की पिवळसर. पडद्याचे गुण कालांतराने बदलत असल्याने महिन्यातून एकदा ही क्रिया पुन्हा करावी. पावसाळ्याच्या दमट हवेत लेन्सला जपतो तसे या उपकरणालाही सिलिका जेलच्या डब्यात ठेवणे चांगले. विशेषतः जुन्या उपकरणांतील रंगीत गाळण्या ओलाव्याने खराब होत.

लॅपटॉपच्या बाबतीत एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. त्याच्या पडद्यावर हाताने बदलता येते ती केवळ प्रकाशमानता. रंगाची दुरुस्ती ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यावी लागते, आणि ती फार मोठी असेल तर उपलब्ध छटा खर्ची पडतात. परिणामी रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या आकाशात सलग उतरणाऱ्या रंगाऐवजी पट्टे दिसू लागतात. पांढरा रंग लक्ष्यापासून फार दूर असेल, तर तो ओढूनताणून ६५०० वर आणण्याऐवजी आहे तसाच ठेवून बाकीची मापे साधणे शहाणपणाचे.

उपकरण नसेल तर? विंडोजमध्ये डोळ्यांनी जुळवण्याची सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. तिच्यावर रंगासाठी विसंबू नये. पण प्रकाशमानता कागदाच्या मदतीने बरीच साधता येते. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी खोलीतल्या उजेडात पांढरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे भासेपर्यंत पडदा मंद करावा. काळपट प्रिंटची तक्रार एवढ्यानेच पुष्कळशी कमी होते.

लॅपटॉप घेताना

दुकानात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची चर्चा रंगते, पडद्याचा उल्लेख इंचांपुरता होतो. वास्तविक तपशीलपत्रातील एक ओळ निर्णायक असते. तिथे '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असेल, तर तो पडदा एसआरजीबी मापातील रंगांचा जेमतेम दोनतृतीयांश भाग दाखवतो. जो लाल पडद्यात नाहीच, तो कोणतेही कॅलिब्रेशन निर्माण करू शकत नाही. '१०० टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' असा उल्लेख असलेला आयपीएस पडदा घ्यावा. जुन्या टीएन पडद्यावर मान थोडी हलवली तरी छायाचित्र उजळ-काळे होते, त्यामुळे तो टाळावा. हाती असलेला लॅपटॉप बदलणे शक्य नसेल, तर त्याला २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडणे हा कमी खर्चाचा आणि अधिक उपयुक्त पर्याय आहे.

महागड्या ओएलईडी पडद्यांचा धोका उलट्या दिशेचा. ते एसआरजीबीच्या पलीकडचे रंग दाखवतात. रंगनियोजन न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्र भडक दिसते, संपादक ते उतरवतो आणि प्रिंट फिकट येते. अशा यंत्रात एसआरजीबी मोड असल्यास तो निवडावा.

बाकी यंत्रणेचा हिशेब सोपा आहे. एका लग्नात तीन हजार रॉ छायाचित्रे काढली आणि प्रत्येक फाइल ३० एमबीची धरली, तर ९० जीबी जागा लागते. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि दुसरी प्रत ठेवण्यासाठी स्वतंत्र हार्ड डिस्क ही किमान गरज मानावी.

लॅबशी संवाद हा या साखळीतला दुर्लक्षित दुवा. लॅबकडे त्यांच्या यंत्राची आणि कागदाची आयसीसी प्रोफाइल मागता येते. ती मिळाल्यास फोटोशॉपमधील 'सॉफ्ट प्रूफ' सोयीने छपाईचा अंदाज पडद्यावरच घेता येतो. गुलालाचा झळझळीत गुलाबी छपाईच्या चार शाईंना पेलत नाही, हे मग आधीच दिसते आणि रंग कुठे आवरायचा ते ठरवता येते. फाइल अडोबी आरजीबीत पाठवली आणि लॅबने प्रोफाइल वाचलीच नाही, तर सगळे रंग मलूल होतात. म्हणून वेगळी सूचना नसल्यास एसआरजीबीच पाठवावी.

त्वचेचे निरनिराळे वर्ण, शालूचा लाल, हळद, काळा कोट आणि करड्या छटांची पट्टी असलेली एक फाइल तयार करून ती लॅबमधून कोणतीही दुरुस्ती न करता छापून घ्यावी आणि टेबलाजवळ ठेवावी. पडदा आणि ही प्रिंट जुळली, तरच संपादनाला हात घालावा. ग्राहकाची मंजुरीही मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावर घेऊ नये, कारण पाहणाऱ्याचा मोबाइल 'व्हिव्हिड' मोडवर असेल तर त्याला दिसणारा शालू कागदावर कधीच उतरणार नाही. अल्बमचे एखादे पान आधी छापून दाखवणे अधिक सुरक्षित. लॅबने कागद किंवा यंत्र बदलले की चाचणी प्रिंटही नव्याने काढावी लागते. त्यामुळे प्रिंटच्या मागे तारीख, लॅब आणि कागदाचे नाव लिहून ठेवावे.