भाजीचे पैसे आधी, भाजी मागून

मोर्शी-वरुडच्या पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणण्याची जुनी हौस आहे. संत्र्याचा बगीचा लांबून पाहणाऱ्याला ते पटतेही. पण आम्ही कारकून माणसे. आमची नजर झाडावरून लवकर हिशेबाकडे जाते. बगीचा व्यापाऱ्याला उक्ता दिला जातो. इसार हाती पडतो, बाकी रक्कम तोडीच्या वेळी. मधल्या काळात भाव पडला की तोड लांबते, घासाघीस सुरू होते. फळ मात्र झाडावर थांबत नाही. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये होते ते २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेले आणि ढाक्यातल्या निर्णयाचा मार मोर्शीच्या धुऱ्यावर बसला. गारपीट, फळगळ, कोळशी, सारे नुकसान पिकवणाऱ्याचे. खाणाऱ्याला काय? तो पुढच्या हातगाडीवरून दुसरे फळ घेतो.

खाणाऱ्यानेच ही जोखीम वाटून घेतली तर? जगात हा प्रयोग होऊन गेला आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात फवारणीच्या विषाने धास्तावलेल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट करार केले. त्या पद्धतीला तिकडे ‘तेईकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांत असे दोन मळे सुरू झाले आणि २०१२ च्या शेती गणनेत या पद्धतीने माल देणाऱ्या शेतांची संख्या बारा हजारांवर गेलेली दिसली. रीत साधी आहे. हंगामापूर्वी कुटुंबे वर्गणी भरतात, त्या पैशातून बियाणे व मजुरी भागते आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याचा वाटा घरोघर जातो. पीक भरभरून आले तर टोपली मोठी, गारा पडल्या तर लहान. पैसे परत मागायचे नाहीत.

आम्हाला मात्र यातले एक नाव अधिक जवळचे वाटते. अलाबामातील टस्कीगी येथे बुकर टी. व्हाटली नावाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक होते. त्यांनी लहान कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी याच्या आधीच ‘सभासद-ग्राहक मंडळा’ची कल्पना मांडली. शेत २५ एकरांचे असले तरी चालेल. शहरातली कुटुंबे आगाऊ वर्गणी भरून सभासद होतील आणि स्वतः शेतात येऊन माल तोडून नेतील. त्या शेतकऱ्यांना कर्ज देताना सरकारी खाते भेदभाव करीत असे. त्याबद्दलच्या दाव्यात १९९९ मध्ये तडजोड होऊन सरकारला भरपाई द्यावी लागली. म्हणजे ज्याला कर्ज मिळत नाही, त्याला खाणाऱ्याने भांडवल द्यावे, असा तो विचार होता.

वाचकहो, इथे बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध आठवल्यावाचून राहत नाही. लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की जमीन लहान की मोठी, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल व श्रम किती, यावर ठरते. (उपाय म्हणून त्यांचा भर औद्योगिकीकरणावर होता, हेही विसरू नये.) आपल्या वस्तीतल्या दीड-दोन एकरवाल्याची अडचण नेमकी हीच आहे. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो, म्हणून सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी.

महाराष्ट्रात याच्या जवळपासचे काम झाले आहे. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात ज्ञानेश्वर बोडके यांच्या अभिनव फार्मर्स क्लबने भाजी थेट शहरातल्या घरांत पोचवली. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि शहरांत शेतकरी आठवडे बाजारही भरू लागले. पण ती थेट विक्री झाली. त्यात दलाल जातो, जोखीम जात नाही. आगाऊ पैसे देण्यातच खरी मेख आहे.

मोर्शीत हे जमेल का? व्हाटलींची अट होती की पन्नास हजार वस्तीचे शहर चाळीस मैलांच्या आत, पक्क्या रस्त्यावर हवे. अमरावती पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती. हे शहर पाणी पिते तेही आपल्या तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या धरणाचे. अडचण पाण्याची आहे, ती आपल्याकडे. भूजलाचा उपसा इतका झाला आहे की नवी बोअर घेऊन भाजी लावा, असे आम्ही सांगणार नाही. विहीर चालू असलेले शेत मक्त्याने घ्यावे.

हिशेब असा धरा. तीस नोकरदार कुटुंबे, महिन्याला सहाशे रुपये, सहा महिने. निम्मी रक्कम आधी भरली तर चौपन्न हजार रुपये पेरणीपूर्वी हाती येतात. बचत गटातल्या सात-आठ भगिनींना एक एकराचा मक्ता, बियाणे आणि पहिली मजुरी भागवायला हा आकडा, भावानुसार थोडाफार कमीजास्त, पुरावा. आपल्या वस्तीतले दूध गावात कोणी घेत नसे, ते दिवस पाहिलेली म्हातारी माणसे अजून आहेत. म्हणून पहिले सभासद आपल्याच शिक्षक-कर्मचारी बांधवांतून मिळवावेत. मग दार सर्वांना उघडे. शहरात नोकरी लागलेल्यांना गावच्या भावकीसाठी काही करावेसे वाटते. लग्नाच्या आहेरापेक्षा हे बरे!

पावती पुस्तक दोन प्रतींत ठेवावे. गारपीट झाल्यास पैसे परत नाहीत, हे वाक्य पावतीवरच छापावे, तोंडी ठेवू नये. आणि सभासद होणाऱ्या ताईंना आधीच सांगावे की पहिला महिनाभर टोपलीत मेथी, पालक आणि सांभारच येईल. वांगी, चवळी, गवार मागून.