स्वप्नात असतानाच कळतं, 'हे स्वप्न आहे!' ल्युसिड ड्रीम खरंच शिकता येतं का?

नोकरीला लागून चार वर्षं झालीत. तरी रात्री स्वप्नात दहावीचा भूमितीचा पेपर समोर येतो. पेन चालत नाही, प्रमेय आठवत नाही, सुपरवायझर डोक्यावर उभे. घाम फुटतो. आणि मग मध्येच डोक्यात येतं, "एक मिनिट, आपली दहावी तर कधीच झाली! म्हणजे हे स्वप्न आहे."

बहुतेक वेळा इथेच जाग येते. पण जाग न येता स्वप्न तसंच चालू राहिलं, तर त्याला म्हणतात ल्युसिड ड्रीम. झोप चालू, स्वप्नही चालू आणि आपण स्वप्नात आहोत ही जाणीवही जागी. काहींना मग स्वप्नाची दिशा बदलता येते, म्हणजे पेपर फाडून खिडकीतून उडी मारायची आणि थेट उडायला लागायचं. पण दिशा बदलता येणं ही पुढची गोष्ट. नुसती जाणीव झाली तरी ते ल्युसिड ड्रीमच.

'एका रात्रीत ल्युसिड ड्रीम' अशी रील्स तुम्हीही पाहिली असतील. एका रात्रीत जमण्याची शक्यता फार कमी आहे. पण हा प्रकार थोतांडही नाही.

मुळात हे सिद्ध कसं झालं?

झोपलेला माणूस 'मी आत्ता स्वप्नात आहे' हे बाहेरच्यांना सांगणार कसं? स्वप्नं मुख्यतः ज्या टप्प्यात पडतात, त्या रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात. हात-पाय हलत नाहीत. डोळे मात्र बंद पापण्यांखाली हलत असतात.

याचाच वापर इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी केला. एप्रिल १९७५ मध्ये त्यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नात भान आल्यावर, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले. मशीनवर त्याची नोंद झाली आणि त्या वेळी ते झोपेतच होते. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

२०२१ मध्ये तर चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्या लोकांना चक्क गणितं घातली. 'आठ वजा सहा किती?' या प्रश्नाला एकाने झोपेतच डोळ्यांच्या दोन हालचालींनी उत्तर दिलं. सगळ्यांना हे जमलं नाही, बरेच प्रश्न अनुत्तरितच राहिले. पण काहींना जमलं, हेच मोठं होतं.

मग सुरुवात कुठून करायची?

वहीपासून. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण ज्याला स्वप्नंच आठवत नाहीत, त्याला ल्युसिड ड्रीम पडलं तरी सकाळी कळणार कसं? जाग आली की हलायचं नाही, मोबाइल उचलायचा नाही. आधी स्वप्न मनात मागे मागे आठवत जायचं आणि मग चार शब्द का होईना, लिहून काढायचे. (लिहायचा आळस असेल तर व्हॉइस नोट चालेल. फक्त नोटिफिकेशन बघू नका, तिथेच स्वप्न पुसलं जातं.)

दोन-तीन आठवड्यांत काही गोष्टी परत परत दिसायला लागतात. कुणाला सुटलेली लोकल, कुणाला आजोळचं घर, कुणाला परीक्षा. ही तुमच्या स्वप्नांची खूण. पुढच्या पायरीला ती कामी येते.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे 'रिअ‍ॅलिटी चेक'. दिवसातून अनेकदा स्वतःला विचारायचं, 'मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?' आणि नाक दाबून श्वास घेऊन बघायचा. जागेपणी श्वास अडकतो, स्वप्नात बरेचदा घेता येतो. ही सवय स्वप्नातही उतरेल, अशी कल्पना आहे. रील्समध्ये सगळा भर यावरच असतो. पण ऑस्ट्रेलियातले संशोधक डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात, आठवडाभर नुसते रिअ‍ॅलिटी चेक करून फायदा दिसला नाही.

फायदा दिसला तो 'माइल्ड' हे तंत्र जोडीला घेतल्यावर. हे तंत्र लाबर्ज यांचं. साधारण पाच तास झोपून अलार्मने उठायचं. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं आणि त्यातली ती खूण दिसताच आपल्याला भान आलंय, असं डोळ्यांपुढे आणायचं. मग "पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे, हे माझ्या लक्षात येईल" असं मनात म्हणत पुन्हा झोपायचं. वेळ पहाटेचीच का? कारण रेम झोपेचे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात.

ॲस्पी यांच्या अभ्यासात हे सगळं एकत्र करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के वेळा यश आलं. म्हणजे साधारण सहा प्रयत्नांत एकदा. जे पाच मिनिटांत परत झोपू शकले, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. ज्यांना आधीपासून स्वप्नं चांगली आठवत होती, तेही पुढे होते. म्हणून वही आधी.

पहिल्यांदा भान येतं तेव्हा नवख्यांची एक फजिती ठरलेली असते. आनंद इतका होतो की जागच येते! अशा वेळी स्वप्नातच दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे किंवा स्वतःभोवती गिरकी घ्यायची, असं लाबर्ज सुचवतात.

याची किंमत काय?

झोप. पहाटे चारचा अलार्म रोज लावला, तर दिवसभर पेंगायची वेळ येईल. त्यामुळे आठवड्यात एक-दोन दिवस, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना प्रयत्न करणं बरं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी किंवा आधीच झोपेची तक्रार असणाऱ्यांनी वहीवर थांबलेलं चांगलं. भास होणं, खरं-खोटं यात गल्लत होणं असा त्रास ज्यांना आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. तीच तीच भयानक स्वप्नं पडणाऱ्यांना ल्युसिड ड्रीमचा उपयोग होतो का, यावर संशोधन झालंय. पण तो प्रयोग घरी एकट्याने न करता मानसोपचारतज्ज्ञांसोबत करायचा.

झोपमोडीत कधी कधी डोळे उघडतात, पण अंग हलत नाही. छातीवर कुणी बसलंय असंही वाटतं. हे भूतबित नाही. मेंदू जागा झाला, पण रेम झोपेतला स्नायूंचा ढिलेपणा अजून गेला नाही, इतकंच. काही क्षणांत ते आपोआप सुटतं. वारंवार व्हायला लागलं, तर पहाटेचे प्रयोग बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणि ऑनलाइन चर्चेत गॅलँटामाइन नावाच्या गोळीचं नाव हमखास निघतं. तिचा ल्युसिड ड्रीमसाठी अभ्यास झालाय, हे खरं. पण ते अल्झायमरच्या रुग्णांना दिलं जाणारं औषध आहे आणि हृदयाची गती मंदावणं हा त्याचा एक दुष्परिणाम आहे. स्वप्नात उडण्यासाठी ते स्वतःच्या मनाने घेऊ नका.