चलनाची फाइल उघडली? पैसे वाचवायचे तर लाज बाजूला ठेवा, आधी १९३० डायल करा

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: 'तुमच्या गाडीवर दंड आहे, पावती पाहा.' सोबत 'आरटीओ चलन' नावाची फाइल. कधी तीच फाइल लग्नपत्रिका बनून येते, कधी बँकेचं केवायसी. घाईत बोट पडतं आणि काही वेळात खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज सुरू होतात. घरच्यांना काय सांगायचं, या विचारात अनेकजण गप्प बसतात. नेमका हाच वेळ चोराच्या पथ्यावर पडतो.

फाइल उघडल्यावर नेमकं काय होतं?

नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पावती किंवा फोटो नसून अँड्रॉइडचं अ‍ॅप असतं. ते प्ले स्टोअरबाहेरून येतं, म्हणून फोन आधी इशारा देतो. तो डावलून अ‍ॅप घेतलं की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतो. म्हणूनच 'मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता' असं म्हणणाऱ्यांचेही पैसे जातात. काही अ‍ॅप बनावट पान दाखवून कार्डचा तपशील आणि यूपीआय पिनही काढून घेतात.

पहिल्या तासात काय करायचं?

- फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. म्हणजे मेसेज बाहेर जाणं थांबेल.
- घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कॉल करा. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की संबंधित बँकांना सूचना जाते. पैसे पुढे काढले गेले नसतील, तर ते रोखून धरता येतात.
- लगेच बँकेलाही कळवा. यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.
- सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर सविस्तर तक्रार पूर्ण करा.
- फोन लगेच रीसेट करू नका. मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि फाइलचं नाव दिसेल असे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होऊ शकतं, त्यामुळे सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत शोधून ते काढा. पुरावे जपल्यावर फोन रीसेट करून घ्या आणि पासवर्ड, पिन बदला.

बँक पैसे परत देते का?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं याचं उत्तर दिलं होतं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं नुकसान मात्र बँकेनं सोसायचं.

फाइल आपणच उघडली म्हणून बँक निष्काळजीपणाकडे बोट दाखवू शकते. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं काम याच परिपत्रकानं बँकेवर टाकलं होतं. त्यामुळे 'चूक माझीच' म्हणून तक्रार टाळू नका. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

खरं चलन कसं ओळखायचं?

दंड आहे का, हे परिवहन विभागाच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून स्वतः तपासा. त्यासाठी मेसेजमधली फाइल घेण्याची गरज नाही.

आज एवढं करा: १९३० हा नंबर आई-बाबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि 'चुकून काही दाबलं तर रागावणार नाही, पण लगेच सांगा' हेही त्यांना सांगून ठेवा.