स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ कशासाठी?

धातू एका जागी तापला की तिथले अणू जोरात कंप पावतात आणि मुक्त इलेक्ट्रॉन ती ऊर्जा झपाट्याने पुढे नेतात. हेच उष्णतेचे वहन. त्याचे गणित फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन, अंदाजे)

• तांबे : ४००
• अ‍ॅल्युमिनियम : २३५
• लोखंड : ८०
• स्टेनलेस स्टील : १५
• काच : १
• लाकूड : ०.१५

स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते. त्यामुळे पातळ बुडाच्या पातेल्यात ज्योतीच्या वरचा भाग फार तापतो आणि खीर नेमकी तिथेच लागते. तांब्याचा थर तीच उष्णता तळभर पसरवतो. दूध आटवायचे असेल, तर तांब्याच्या किंवा जाड बुडाचेच पातेले घ्या.