जॅकरॅबिटची कुलुपं

संकेतस्थळाचं एकच पान दोन संपादकांनी एकाच वेळी दुरुस्तीला घेतलं, तर कुणाचं काम टिकायचं? मजकूर साठवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेपुढे हा प्रश्न येतोच. जावात लिहिलेल्या ‘अपाची जॅकरॅबिट’ या कंटेंट रिपॉझिटरीकडे त्याचं जे उत्तर आहे, ते मला फार विचारपूर्वक घडवलेलं वाटतं. पण ते पुरतं समजून न घेता वापरलं, की कुणालाच दुरुस्त न करता येणारी पानं आणि नकळत पुसला गेलेला मजकूर पदरी पडतो.

जॅकरॅबिटचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आहे. तिथल्या डे सॉफ्टवेअर कंपनीच्या डेव्हिड न्यूशेलर यांच्या नेतृत्वाखाली जावा कंटेंट रिपॉझिटरीचं, म्हणजे जेसीआरचं, पहिलं मानक २००५ मध्ये पूर्ण झालं. २००६ मध्ये हे मानक राबवणाऱ्या जॅकरॅबिटची १.० आवृत्ती आली, २००९ मध्ये जेसीआर २.०. पुढच्याच वर्षी अडोबीने डे सॉफ्टवेअर विकत घेतली.

या मानकात सगळा मजकूर नोडच्या झाडात राहतो आणि त्याला हात लावायचा तर आधी लॉगिन करून सेशन उघडावं लागतं. तुम्ही केलेले बदल सेशनमध्येच तात्पुरते राहतात; सेव्ह म्हटल्यावर ते रिपॉझिटरीत उतरतात. मधल्या काळात दुसऱ्या सेशनने तीच गोष्ट बदलून सेव्ह केली असेल, तर तुमचं सेव्ह नाकारलं जातं. म्हणजे सेशन उघडं असेपर्यंत तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित असता.

अडचण वेबवर सुरू होते. संपादक पान उघडतो, अर्धा तास विचार करतो, मग बटण दाबतो. पान दाखवणारं सेशन केव्हाच बंद झालेलं असतं आणि बटण दाबल्यावर नवं कोरं सेशन उघडतं. मधल्या अर्ध्या तासात दुसऱ्याने काय केलं हे त्याला ठाऊकच नसतं. ते खुशाल सेव्ह करतं, कसलीही तक्रार येत नाही आणि आधीच्या माणसाची मेहनत वाया जाते. वेबच्या सर्व्हरने सेशनची स्थिती सांभाळू नये, ही मांडणी २००० साली आपल्या प्रबंधात करणारे रॉय फील्डिंग पुढे याच डे सॉफ्टवेअरमध्ये मुख्य वैज्ञानिक होते. त्यामुळे सेशनवर चालणारं जेसीआर आणि सेशन न सांभाळणारं वेब या दोन जगांमधला सांधा तिथल्या लोकांना चांगलाच ठाऊक असणार.

तो सांधा म्हणजे लॉक. नोडला आधी ‘मिक्स:लॉकेबल’ हा प्रकार जोडायचा, सेव्ह करायचं आणि मग लॉक मागायचं. लॉक मात्र सेव्हची वाट पाहत नाही, ते तत्काळ लागू होतं. इतरांना नोड वाचता येतो, बदलता येत नाही. लॉक मागताना पाच गोष्टी द्याव्या लागतात: नोडचा पत्ता, खालच्या सगळ्या फांद्याही बंद करायच्या का, लॉक सेशनपुरतं हवं का, मुदत किती सेकंदांची आणि मालक म्हणून कुणाचं नाव लावायचं.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सेशनपुरतं लॉक लॉगआउटबरोबर सुटतं. वेबच्या एका विनंतीत घेतलेलं असं लॉक विनंती संपताच गेलेलं असतं आणि संपादक मात्र पान आपल्या ताब्यात आहे असं समजून लिहीत राहतो. खुलं लॉक सेशन संपल्यावरही टिकतं. त्यासोबत एक टोकन मिळतं. पुढच्या सेशनला ते टोकन दिलं, की त्याला नोड बदलता येतो. म्हणून टोकन सेशनबाहेर जपून ठेवणं हे प्रोग्रामरचं काम. ते हरवलं, तर ज्याने लॉक घेतलं त्यालाही पान बदलता येत नाही. वेबडॅव या वेबवरून संपादन करण्याच्या प्रोटोकॉलमध्येही हाच व्यवहार चालतो. तिथे टोकन क्लायंटकडे असतं आणि ते न दाखवता लिहायला गेलं, तर सर्व्हर ४२३ हा आकडा परत पाठवतो.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. नोड काढून टाकणं हा जेसीआरच्या हिशेबी त्याच्या पालक नोडमधला बदल आहे. त्यामुळे पालक नोड लॉकखाली नसेल, तर लॉक केलेला नोडही दुसऱ्याला खुशाल उडवता येतो. महत्त्वाच्या मजकुरासाठी लॉकवर विसंबणाऱ्याने हे पाठच करावं. हटवण्याचे अधिकार वेगळे बांधावे लागतात.

२०१४ मध्ये जॅकरॅबिटचा नवा अवतार ‘ओक’ आला आणि अडोबी एक्सपीरियन्स मॅनेजरची सहावी आवृत्ती त्यावर उभी राहिली. ओकमध्ये प्रत्येक सेशनला रिपॉझिटरीची एका क्षणाची स्थिती दिसते. दीर्घकाळ उघडं ठेवलेलं सेशन रिफ्रेश होईपर्यंत जुनंच चित्र दाखवू शकतं आणि त्यावर विसंबून केलेलं सेव्ह ‘ओकस्टेट०००१’ या संघर्षाच्या त्रुटीवर आपटतं. जुन्या सवयीने महिनोन्‌महिने एकच सेशन उघडं ठेवणाऱ्या सेवांना याचा त्रास होतो.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच. सेशन छोटं ठेवा, एका थ्रेडला एकच द्या आणि लॉगआउट फायनली ब्लॉकमध्येच लिहा. माणसाच्या कामासाठी खुलं लॉक घ्या, पण मुदतीशिवाय घेऊ नका. ही मुदत मानकाच्या दृष्टीने नुसती विनंती असते आणि रिपॉझिटरी ती डावलू शकते. तेव्हा तुमच्या आवृत्तीत ती खरोखर पाळली जाते का, हे संपादकांच्या हाती यंत्रणा देण्याआधी तपासून घ्या.