गळाच्या काठीवरची गुळगुळीत झिलई



ऊस विकास खात्याच्या या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि कित्येकांच्या वावरात तळी झाली. पाणी साठले, त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली गेली. मासे वाढले तसा घरातल्या पोट्ट्यांच्या हाती गळ आला. आता शिवारभेटीला गेलो की खोडकिडीबरोबर गळाच्या काठीचीही विचारणा होते. काठी घरी केली, कड्या बांधल्या, वरून अ‍ॅराल्डाइट लावले. पण लेप खरबरीत झाला, चिपचिपा राहिला, महिन्याभरात कडी निखळली. प्रश्न अनेकांचा असल्याने उत्तर एकदाच सविस्तर देत आहोत.

झिलई कशासाठी?

काठीवर तंगूस ओवायच्या ज्या कड्या असतात त्या खिळ्याने किंवा स्क्रूने बसवत नाहीत. भोक पाडले की काठी तिथेच मोडते. म्हणून कडीचा पाय काठीवर ठेवून त्यावर दोऱ्याचे वेढे देतात. कडी धरून ठेवतो तो दोरा. पण नुसता दोरा ऊन, पाणी आणि घर्षणाने सैल पडतो. त्याला जागेवर जखडायचे आणि पाणी आत जाऊ द्यायचे नाही, हे लेपाचे काम. लेप उंचसखल झाला तर पातळ जागी तडा जातो, पाणी आत शिरते, कडीचा पाय गंजतो, बांबू फुगतो. मग तीन-चार किलोचा कटला ओढ घेतो तेव्हा एक कडी सुटते आणि सगळा ताण उरलेल्या काठीवर एका जागी येतो. तेव्हा गुळगुळीतपणा हा केवळ शोभेचा भाग नाही.

पूर्वी परदेशात रेशमी दोरा बांधून वर वार्निशचे हात देत. इपॉक्सी रेझिन नंतर आले. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने १९४६ मध्ये अ‍ॅराल्डाइट बाजारात आणले आणि आपल्याकडे तर त्या वस्तूलाच ते नाव पडले. पण दुकानातले घट्ट, पिवळसर अ‍ॅराल्डाइट हे चिकटवण्यासाठी आहे. पाच मिनिटांत आवळणारे तर या कामाला अजिबात नको. सपाट व्हायला त्याला सवडच मिळत नाही. हवे ते पातळ, पारदर्शक, सावकाश आवळणारे रेझिन. शहरात हस्तकलेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते दोन बाटल्यांत मिळते.

आधी काठी, मग दोरा

काठीला मानवेल बांबू उत्तम. तो जवळजवळ भरीव असतो. सावलीत पूर्ण वाळवावा, पेरांवरचे डोळे कानशीने सपाट करावेत. काचतंतूची तयार काठी मिळाली तरी पद्धत हीच.

कडीचा पाय टोकाला कानशीने घासून निमुळता करावा. पायरी राहिली तर दोरा तिच्यावर नीट चढत नाही, मध्ये पोकळी राहते आणि लेप लावताना त्याच पोकळीतून बुडबुडे निघत राहतात.

दोरा नायलॉनचा, काठी बांधण्यासाठीच केलेला घ्यावा. शिलाईच्या दोऱ्याला पुष्कळदा सिलिकॉनचा हात दिलेला असतो. त्याच्यावर रेझिन धरत नाही. दोऱ्याचे रीळ वाटीत ठेवून दोरा जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढावा आणि पुस्तकावर वीट ठेवावी. म्हणजे ताण एकसारखा राहतो. वेढे कडीच्या पायाच्या अलीकडून सुरू करून वर चढवावेत, एकाला एक खेटून. शेवटचे आठ-दहा वेढे राहिले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास काठीवर ठेवून त्यावरून वेढे द्यावेत, टोक फासात ओवावे आणि फास ओढून घ्यावा. टोक आपोआप वेढ्यांखाली जाते. मग चमच्याच्या पाठीने वेढे दाबून घासावेत. वर आलेली लव स्पिरिटच्या दिव्यावरून झटकन फिरवून जाळावी. मेणबत्ती वापरू नये, काजळी धरते.

यानंतर वेढ्यांना बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा आपल्याला दिसत नाही, पण रेझिनला तो लगेच कळतो.

मापात चूक नको

सर्वांत जास्त काठ्या बिघडतात त्या इथे. हार्डनर म्हणजे विरजण, असा आपला समज असतो. थोडे जास्त घातले की लवकर लागेल असे वाटते. तसे नाही. रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो. हार्डनर जास्त झाला काय किंवा कमी पडला काय, बिनजोडीचे कण तसेच राहतात आणि लेप जन्मभर चिपचिपा. बाटलीवर एकास एक, दोनास एक असे जे प्रमाण दिले असेल तेच घ्यावे. ते मापाचे आहे की वजनाचे हेही वाचावे, कारण दोन्ही सारखी नसतात. तणनाशकाची मात्रा आपण जशी झाकणाने अंदाजे घेत नाही, तसेच हे.

माप घ्यायला सुई नसलेली सिरिंज चांगली. रेझिनला वेगळी, हार्डनरला वेगळी. मात्र रबरी दट्ट्याच्या सिरिंजला आतून सिलिकॉन लावलेले असते, म्हणून रबर नसलेली, पूर्ण प्लॅस्टिकची घ्यावी. सहा-आठ कड्यांच्या काठीला एका हातासाठी दोन्ही मिळून पाच-सहा मिलिलिटर पुरते. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, कडा आणि तळ खरडून घ्यावा. फेटू नये, हवा आत जाते. मग ते अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीवर पसरून ठेवावे. भांड्यात ढीग राहिला तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर आवळते; पसरले की थंड राहते आणि बुडबुडेही फुटून जातात.

हवामान पाहून काम

गुऱ्हाळावरची काकवी गरम असता पाण्यासारखी धावते आणि गार झाली की जड होते, हे आपल्याला सांगायला नको. रेझिनचे तेच. हिवाळ्याच्या सकाळी ते जड होते आणि बुडबुडे धरून ठेवते. अशा वेळी बाटल्या घट्ट बंद करून कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात, बाहेरून पुसाव्यात, मगच माप घ्यावे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उलटी अडचण: ब्रश फिरवता फिरवता ते आवळते. पावसाळ्यात दमट हवेने लेपावर दुधाळ, तेलकट साय धरते. म्हणून हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास किंवा होळीच्या आधी, दुपारच्या वेळी, बंद पण हवेशीर खोलीत करावे. तुरीची मळणी चालू असेल त्या दिवशी नको. पाचटाची काजळी उडत असेल त्या दिवशीही नको. पाचट जाळू नका, हे तर आम्ही वर्षभर सांगतोच!

पातळ दोन हात, जाड एक नव्हे

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला लाखेची चमक आणतात ती पातळ हातांवर हात देऊन. इथेही तोच नियम. पहिला हात फक्त दोऱ्यात मुरण्यापुरता. मऊ, चपट्या ब्रशने, काठी फिरवत लावावा. वेढ्यांच्या दोन्ही कडांपुढे दोन मिलिमीटर काठीवर जाऊ द्यावा म्हणजे तोंड बंद होते. दहा मिनिटांनी खाली लोंबलेला थेंब ब्रशने टिपून घ्यावा. बुडबुडे दिसले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून क्षणभर फिरवावी, थांबवू नये.

खरी गोम पुढे आहे. रेझिन आवळेपर्यंत काठी आडवी फिरत राहिली पाहिजे, नाहीतर लेप खाली ओघळून पोट धरतो. दोन खुर्च्यांना खाचा करून काठी ठेवावी आणि पहिले तीन-चार तास दर तीन-चार मिनिटांनी पाव फेरा द्यावा. दोघांनी पाळी लावून हे काम करावे. मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी मायक्रोवेव्हच्या ताटाखालची जुनी मोटर मिळाली तर फारच सोय होते, पण तिच्यावरचा व्होल्टचा आकडा पाहून जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

दुसरा हात चोवीस तासांनी. जास्त दिवस गेले असतील तर बारीक पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवावा, दोरा कापू देऊ नये, स्पिरिटने पुसावे आणि मग लावावा. त्यानंतर निदान आठवडाभर काठी पाण्यावर नेऊ नये. बोटाला कोरडा लागला तरी लेप आतून पक्का व्हायला तेवढे दिवस लागतात.

दोष आणि उपाय

१. दोन दिवसांनीही चिपचिपा: माप किंवा ढवळणे चुकले. वरून नीट मापाचा पातळ हात द्यावा. पुष्कळदा झाकून जाते. नाहीतर खरडून पुन्हा.

२. माशाच्या डोळ्यासारखे खळगे: तेल किंवा सिलिकॉन. घासून, स्पिरिटने पुसून दुसरा हात.

३. आत अडकलेले बुडबुडे: रेझिन गार होते किंवा कडीच्या पायाखाली पोकळी होती.

४. मध्ये फुगीर, कडेला पातळ: एकाच वेळी जास्त लावले.

५. दुधाळ साय: दमटपणा. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, घासून दुसरा हात.

६. काटे, केस: धूळ किंवा न जाळलेली लव.

जिवाची काळजी

हार्डनर कातडीला बाधतो. एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा कायमची, पुढे नुसत्या वासानेही खाज सुटते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. अंगाला लागले तर साबण आणि पाण्याने धुवावे, थिनरने नव्हे. थिनरने ते कातडीत अधिक मुरते. स्वयंपाकघरातली वाटी-चमचा वापरला तर तो परत स्वयंपाकघरात नेऊ नये. उरलेले रेझिन पन्नीवरच आवळू द्यावे आणि मग टाकावे. पातळ असताना विहिरीत, नालीत किंवा तळ्यात टाकू नये, माशांना ते विषच आहे.

आता काठी चांगली झाली म्हणजे पोट्टे तळ्यावर जाणारच. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की साबणासारखा होतो. पोहता येणाराही त्यावरून वर येऊ शकत नाही. तळ्याला कुंपण असावे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत. एकट्या पोराला गळ घेऊन पाठवू नये. गळाचा काटा प्लॅस्टिकमध्ये अडकला तर हिसका देऊ नका, तंगूस कापा. दोन रुपयांच्या काट्यापायी तळ्याला गळती लागते.

दुसऱ्या संस्थेचा मान

आपल्या तालुक्यात मोर्णा आणि निर्गुणा हे प्रकल्प आहेत. गळ घेऊन तिकडे जायचा मोह होईल. परंतु महाराष्ट्रात अशा जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, आणि ते ठेके बहुतकरून मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. बीज त्यांनी सोडलेले असते, त्यांची चूल त्याच्यावर पेटते. आपला ऊस कोणी न विचारता तोडून नेला तर आपल्याला जे वाटेल तेच त्यांना वाटते. तेव्हा आधी संस्थेला विचारावे, ती सांगेल ते शुल्क भरावे, आणि नाही म्हटले तर आपल्या तळ्यावर परत यावे. आपणही सहकारी, तेही सहकारी.

काठी बांधताना काही अडले तर शिवारभेटीच्या दिवशी ती घेऊन या. उसाच्या नोंदीबरोबर तिचीही तपासणी करू.

— ऊस विकास अधिकारी